‘थांबा’ला तारीख हवी

श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवीची स्थापना होते. सुरत, नाशिक, पुण्याकडे पोटापाण्यासाठी गेलेली भाऊबंदकी त्या दिवशी गावी परतते, प्रसादाचे रोट होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन निघते. काही वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी अशाच एका सोमवारी ओट्यासमोर बँड वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या आणि ओट्याला लागून असलेल्या खोलीत बहिणीची ११ महिन्यांची नात झोळीत गाढ झोपली होती. किती गुणाची पोर, एवढ्या गोंगाटातही हिने डोळा उघडला नाही, असे आत डोकावणाऱ्या प्रत्येकीने म्हटले, आणि मीही म्हटले. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळण्यात माझी तोवर २२ वर्षे गेली होती. त्या मुलीला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, हे आम्हाला ती साडेतीन वर्षांची झाल्यावर कळले.

मधल्या काळात कोणाला काहीच दिसले नाही, असे मुळीच नव्हते. तिच्या आईने ती १४ महिन्यांची असतानाच शंका बोलून दाखवली होती, कारण आधी ‘आऽ’, ‘ऊऽ’ करणारी पोर हळूहळू गप्प होत चालली होती. आजीने तिच्या पाठीमागे स्टीलची ताटली वाजवून पाहिली, पोरीने मान वळवली आणि सगळे निर्धास्त झाले. ताटली वाजवणाऱ्याची सावली, हाताची हालचाल, फरशीतून जाणवणारा हादरा यांपैकी कशानेही मूल वळते, हे त्या वेळी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. जन्मतः ऐकू न येणारे बाळसुद्धा पहिले काही महिने आवाज काढते आणि मग स्वतःचाच आवाज कानावर पडत नसल्याने ते कमी होत जाते, हेही मला फार उशिरा वाचायला मिळाले. सासरकडून उत्तर आले, “तिना बाप बी उशिराच बोलना व्हता.” तालुक्याच्या गावातील एका डॉक्टरांनी तपासून सांगितले, की काही मुले उशिरा बोलतात, थोडे थांबा. यांतल्या कोणाच्याही मनात वाईट नव्हते. परंतु किती थांबायचे हे कोणीच सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

लहान मुलांच्या विकासातील उशिराबद्दल आपल्याकडे जेव्हा जाहीरपणे बोलले जाते, तेव्हा पालक अडाणी आहेत, त्यांना लक्षणे ओळखता येत नाहीत, म्हणून जनजागृती करावी, असा सूर असतो. पोस्टर छापले जाते, एखादा सप्ताह साजरा होतो. मला हे निदानच चुकीचे वाटते. लक्षणे बहुतेक घरांत दिसलेली असतात, आणि तीही वेळेवर. जे दिसले ते लिहून ठेवण्याची जागा नसते, आणि ‘थांबून पाहू’ या सल्ल्याला शेवटची तारीख नसते. या दोन गोष्टी नसल्यामुळे मुलाची वर्षे जातात, आणि त्या पुरवणे हे पोस्टर छापण्यापेक्षा निराळे काम आहे.

दिसते कसे, याचे उदाहरण म्हणून बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे पाहावे. आमच्या गावांत अजूनही पहिले काही महिने अनुभवी बाई येऊन बाळाला तेल लावते, पायांवर उपडे घेऊन आंघोळ घालते, शेकते. तिच्या हाताखालून गावातली दोनशे-तीनशे मुले तरी गेलेली असतात. एखादे बाळ अंगाने फार सैल आहे, उचलले की कपड्यासारखे लोंबते; किंवा उलट, मांड्या फाकता येत नाहीत इतके ताठ आहे, लंगोट बांधताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात; चार महिने झाले तरी मूठ घट्ट आणि अंगठा आतच आहे, हे तिला हातानेच कळते. पुढे डॉक्टर ज्याला मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या खुणा बरेचदा याच असतात, आणि पुस्तक न वाचलेल्या या बाईला त्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच जाणवलेल्या असतात. ती बोलतेही, “पोर थोडं कडक आहे, तेल जास्त लावा.” तिच्या त्या वाक्याचे पुढे काय होते? काही नाही; तेल जास्त लावले जाते. आरोग्य खात्याने सुईणींना एकेकाळी प्रशिक्षण दिले, आणि बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागल्यावर ते थांबणे स्वाभाविकच होते. पण न्हाऊ घालणाऱ्या बाईला ‘तुला काय वाटलं’ असे विचारायला हवे, हे सरकारी कागदावर आलेले माझ्या पाहण्यात नाही.

‘थांबा’ हा सल्ला प्रत्येक वेळी चूक असतो, असे माझे म्हणणे नाही. मुले एका मापाने वाढत नाहीत, ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अगदी आकड्यांनिशी दाखवली आहे. निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागण्याचा काळ सुमारे ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे, आणि एकट्याने चालू लागण्याचा ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत. काही थोडी मुले हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात, आणि त्यात काळजीचे काही नसते. तेव्हा शेजारचे पोर वर्षाचे होताच पळू लागले म्हणून आपल्या १३ महिन्यांच्या पोराला पांगुळगाड्यात कोंबणाऱ्या आईला ‘थांबा’ म्हणणे योग्यच आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तर वयच वेगळे मोजायचे असते: दोन महिने आधी जन्मलेले मूल १० महिन्यांचे झाले, तर त्याच्याकडून ८ महिन्यांच्या मुलाचीच अपेक्षा धरायची, आणि ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंत करायची.

मात्र याच आकड्यांतून दुसरीही गोष्ट निघते आणि ती नेमकी गाळली जाते. काळ कितीही पसरट असला तरी त्याला दुसरे टोक आहे. १३ महिन्यांच्या न चालणाऱ्या मुलाच्या आईला ‘थांबा’ म्हणणाऱ्याने ‘दीड वर्षापर्यंत थांबा, तोवर चालला नाही तर अमुक दिवशी या’ एवढे म्हणायला काहीच हरकत नसते, कारण ते टोक माहीत असलेले आहे. थिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्राने १९९० च्या सुमारास दोन वर्षांखालील मुलांसाठी अवघ्या १७ बाबींचा एक तक्ता तयार केला. त्यात प्रत्येक कौशल्याची एक आडवी पट्टी असते आणि मुलाच्या वयावर एक पट्टी किंवा पेन्सिल उभी धरायची असते. जी पट्टी पेन्सिलीच्या डावीकडे संपली आणि ते कौशल्य मुलात अजून आलेले नाही, तिथे उशीर आहे. या तक्त्यातील बाबी ज्या कसोटीतून घेतल्या, तिची भारतीय मुलांसाठीची मापे बडोद्यात बसवली गेली, आणि तिथल्याच कामातून प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी विकासमापनाची श्रेणी सिद्ध केली. बडोदे म्हणजे आमच्या नंदुरबारहून सकाळी निघून दुपारी पोहोचावे इतक्या अंतरावर. म्हणजे परदेशी मापे आपल्या मुलांना लावू नका, हा आक्षेपही आता शिळा झाला आहे. तक्त्यातील पट्टीचे उजवे टोक हीच ती तारीख.

काही बाबतींत तर एक दिवसही थांबायचे नसते, आणि हा फरक घराघरांत पोहोचला पाहिजे. आलेले कौशल्य गेले, म्हणजे ‘माय’, ‘बाबा’ म्हणणारे मूल ते म्हणेनासे झाले, हात हलवून टाटा करणारे मूल ते विसरले, तर कोणत्याही वयात ताबडतोब दाखवावे. वर्ष व्हायच्या आत मूल कायम एकच हात पुढे करत असेल, तर ‘डावखुरा निघणार’ म्हणून कौतुक करण्यापूर्वी दुसरा हात नीट चालतो का ते पाहावे, कारण इतक्या लवकर हाताची निवड होत नसते. जन्मतः थायरॉइड ग्रंथी काम करत नसेल, तर बाळ सुस्त असते, कावीळ रेंगाळते, बद्धकोष्ठ होते, आणि घरात ‘शांत बाळ’ म्हणून त्याचे कौतुक चालते. त्याच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हे कळू शकते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक स्वस्त गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखेच वाढते. काही महिने गेले तर बुद्धीचे जे नुकसान होते ते त्याच गोळीने भरून निघत नाही. शांत बाळाचे इतके कौतुक करणारा आपला समाज याबाबत थोडा सावध झाला, तर बरे होईल. हे मी झोळीजवळ उभी राहून स्वतः केलेल्या कौतुकाची आठवण ठेवून लिहीत आहे.

बाकीच्या खुणा स्वयंपाकघरात आणि ओट्यावर बसूनही पाहता येतात. दोन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसते का; चौथ्या महिन्यात मान धरते का; नऊ-दहा महिन्यांचे मूल ताटातला मुरमुरा मुठीने ओरबाडते की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलू पाहते; नावाने हाक मारली तर वळते का. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाने आकाशातले विमान किंवा अंगणातली बकरी बोटाने दाखवणे आणि दाखवून झाल्यावर आपल्या तोंडाकडे पाहणे, ही मला सर्वांत मोलाची खूण वाटते, कारण त्यात ‘मला दिसले ते तुलाही दिसू दे’ ही इच्छा असते. दीड वर्षापर्यंत बोट दाखवणे आले नाही, हाकेला प्रतिसाद नाही, डब्याचे झाकण तासन्‌तास फिरवत बसणे मात्र आहे, अशी मुले स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीने तपासून घ्यावीत. त्यांचे चालणे-पळणे बरेचदा अगदी वेळेवर असते, आणि आपल्याकडे चालते-पळते मूल म्हणजे ठीक मूल, असा हिशेब असल्याने ती हमखास सुटतात. मोबाईलमुळे हा विकार होतो, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. त्याला आधार नाही. मोबाईल मुलाच्या वाट्याचे बोलणे आणि खेळणे खातो एवढे खरे, आणि तेवढे कारणही तो बाजूला ठेवण्यास पुरेसे आहे.

भाषेचा मुद्दा खानदेशात विशेष जपून हाताळायला हवा. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडावेत, ही सर्वमान्य अपेक्षा आहे. आमचे मूल ते अहिराणीत ‘बाबा उना’, ‘आजी गयी’ असे जोडते. बाहेरगावाहून आलेल्या तपासनिसाने ‘बाबा आले’ ऐकण्याची वाट पाहिली, तर त्याच्या कागदावर ते मूल मुके ठरेल. धडगाव, अक्कलकुव्याकडील पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरांतील मुलाची अंगणवाडीत मराठीतून परीक्षा घेतली, तर तो अन्याय आणखी मोठा होतो. याच्या उलटही होते: मूल खरोखर बोलत नसते आणि घरात दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतोय, असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. सगळ्या भाषांतले मिळून शब्द मोजावेत, आणि ते आईला तिच्या बोलीत विचारून मोजावेत, हा नियम साधा असला तरी तो पाळायला आईची बोली जाणणारी व्यक्ती चमूत लागते.

आता यंत्रणेकडे येते. कागदावर ती चांगली आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघरहून झाली. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका यांच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतील प्रत्येक मूल वर्षातून दोनदा तपासावे, जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरता यांच्याबरोबर विकासातील उशीरही पाहावा, आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी तिची रचना आहे. २०१८ पासून आशाताईंनी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला घरी जावे, असेही ठरले आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात मुलाने काय करावे याची चित्रे आहेत. माझ्या हाती आलेल्या कार्डांत लसींच्या तारखा निळ्या शाईने नीट भरलेल्या असतात, वजनाचा आलेखही बहुधा काढलेला असतो, आणि चित्रांचे पान छापखान्यातून आले तसेच कोरे असते.

याचे कारण आपण सर्वांनी मिळून कुपोषणाला एकच माप लावले, हे आहे. नंदुरबारच्या बालमृत्यूंवर एवढे लिहिले गेले, विधिमंडळात एवढे प्रश्न विचारले गेले, की वजनकाटा हेच अंगणवाडीचे दैवत झाले. वजन-उंची दरमहा मोबाईलमध्ये भरली जाते, आणि भरली नाही तर वरून विचारणा होते. ते हवेच. परंतु वजन वाढत असलेले मूल ऐकत नसेल, बघत नसेल, तर त्या मोबाईलमध्ये ते हिरव्या रंगात दिसते. उलट, तीव्र कुपोषित मुलाला आहाराबरोबर खेळ आणि संवाद मिळाला नाही, तर ते वजनाने सावरते आणि मागे मात्र राहतेच.

हा दुसरा मुद्दा जमैकातील किंग्स्टन शहरात नीट तपासला गेला आहे. तिथे १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील काही मुलांच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा जात, घरच्या घरी केलेली खेळणी घेऊन आईला मुलाशी खेळायला शिकवत. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई, त्यांच्यासारख्याच पण अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, थेरपिस्ट नव्हत्या. आमच्या आशाताईंसारख्याच होत्या.

माझी सूचना नवी योजना काढण्याची नाही. लसीकरणाचे वेळापत्रक खानदेशातील दुर्गम पाड्यापर्यंत गेलेले आहे आणि आयांना ते पाठ आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, मग नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची, आणि मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची. यांतील साडेतीन महिने, ९ महिने आणि दीड वर्ष या तीन वेळांना लस टोचण्यापूर्वी आईला चार-पाच प्रश्न तिच्या बोलीत विचारावेत आणि उत्तर कार्डाच्या त्या कोऱ्या पानावर लिहावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना विकासाच्या चाचणीसाठी ९, १८ आणि ३० महिने ही वये सुचवते. म्हणजे पहिल्या दोन वेळी आपल्या लसींचा दिवस आणि त्या चाचणीचा दिवस आपोआपच एकत्र येतो. शेवटचा प्रश्न मात्र कोणत्याही तक्त्यात नसलेला असावा: ‘तुला याच्याबद्दल काही वाटतं का?’ आईने किंवा आजीने ‘हो’ म्हटले, तर ते तिच्या शब्दांत, तारखेसह लिहिले जावे. आणि डॉक्टरांनी किंवा सेविकेने ‘थांबा’ म्हटले, तर त्याच ओळीत पुढे ‘कधीपर्यंत’ हा रकाना असावा. तो रिकामा ठेवून पान उलटता येऊ नये.

यावर सेविकाताईंचे म्हणणे मला माहीत आहे, कारण माझ्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती आणि मधल्या सुट्टीत आमचा चहा एकत्र होत असे. आहार शिजवायचा, रजिस्टरे भरायची, मोबाईलवर फोटो टाकायचे, निवडणुकीची यादीही तपासायची, आणि मानधन काय ते सर्वांना ठाऊक आहे. त्यात आणखी एक रकाना कोणी वाढवला तर त्या चिडणारच, आणि त्यांची चीड रास्त आहे. म्हणून एक रकाना वाढवताना निदान दोन कमी करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि कोणते कमी करावेत हे मंत्रालयाने न ठरवता सेविकांनाच विचारावे. वर्षाकाठी किती मुलांसाठी हा खटाटोप, असे कोणी म्हणेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील पाच ठिकाणच्या सुमारे ४,००० मुलांच्या पाहणीत २ ते ६ वर्षे वयाच्या मुलांपैकी ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी अडचण आढळली. ऐकणे, पाहणे, बोलणे, फिट्स, स्वमग्नता हे सर्व त्यात धरले होते. सर्वांत कमी आकडा घेतला तरी ४० मुलांच्या अंगणवाडीत सरासरी असे एक मूल येते, आणि बहुतेक अंगणवाड्यांत त्या मुलाची नोंद नाही.

सर्वांत बोचरा आक्षेप यापुढचा आहे: ओळखून करायचे काय? थेरपिस्ट आहेत कुठे? मी या आक्षेपापुढे गप्प झालेली आहे, कारण भाचीने, म्हणजे त्या मुलीच्या आईने, निदानानंतरची दोन वर्षे आठवड्यातून दोनदा एसटीने जळगाव गाठले आहे. मुलगी आता दोन्ही कानांना यंत्र लावून चौथीत शिकते, तोंडाकडे पाहून बोलणे समजते, आणि तिचे बोलणे घरच्यांना कळते, बाहेरच्यांना अर्धे. ऐकण्याचा दोष पहिल्या महिन्यात तपासावा, तिसऱ्यापर्यंत पक्का करावा आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा जगभरचा संकेत आहे. आमची मुलगी त्या संकेतापेक्षा तीन वर्षांनी मागे होती. तिच्या आईने शेतातला रोज बुडवून जे केले ते प्रत्येकीला जमेल, असे गृहीत धरणारी व्यवस्था मला मान्य नाही. चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावचा रस्ताच बंद होतो. तिथल्या आईला दर आठवड्याला नंदुरबारला या, असे सांगणे म्हणजे येऊ नका, असे सांगणे आहे.

तरीही ‘उपचार नाहीत म्हणून ओळखू नका’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण तो उलट्या दिशेने चालतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे वाचा-उपचारतज्ज्ञाची, भौतिकोपचारतज्ज्ञाची पदे का वाढवावीत, असे विचारले गेले तर उत्तर देण्यासाठी आपल्या हातात नोंदलेली मुले नाहीत. जे मूल रजिस्टरमध्येच नाही त्याच्यासाठी पद मंजूर होत नसते, हे सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय तज्ज्ञाने जिल्ह्याच्या ठिकाणी बसूनच राहावे, असे कुठे लिहिले आहे? तालुक्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात तो बसला, तर भाजीपाला विकायला आलेल्या आईचा वेगळा रोज बुडणार नाही. तिने महिन्यातून दोनदा शिकून जावे आणि रोज घरी करावे. यंत्रावरच्या व्यायामापेक्षा आंघोळीच्या वेळी, भाकरी थापताना मांडीजवळ बसवून केलेला सराव टिकतो, कारण तो रोज होतो.

नंदुरबारच्या बाबतीत दिनदर्शिकाही बदलायला हवी. सातपुड्यातील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर गुजरातकडे उतरतात आणि होळीला परततात. काठी गावची होळी कोणी चुकवत नाही. पथकाची भेट जानेवारीत लागली, तर नेमकी ती मुले पटावर असतात आणि पाड्यावर नसतात, आणि ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. होळीनंतरचा पंधरवडा आणि दिवाळीपूर्वीचा पंधरवडा या दोन वेळा पक्क्या केल्या, तर त्याच डॉक्टरांकडून, त्याच गाडीतून, त्याच डिझेलमध्ये कितीतरी अधिक मुले तपासून होतील. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण या पट्ट्यात मोठे आहे, आणि त्या आजारात लहान मुलाच्या मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन हातपाय किंवा बोलणे मागे पडू शकते, तेव्हा तिथे तर ही तपासणी दुहेरी गरजेची आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. माणसाला नंबर देण्यासाठी यंत्रणा सर्वांत आधी जिथे पोहोचू शकली, तिथे मूल बोलते का हे विचारायला ती पोहोचू शकत नाही, असे मानायला माझे मन तयार नाही.

राहिला लोकलज्जेचा प्रश्न. मुलाला ‘तसला’ शिक्का बसेल, मोठ्या बहिणीचे लग्न अडेल, ही भीती खोटी नाही. मी ती शिकलेल्या घरांतही पाहिली आहे. यात आपल्या शब्दांचाही दोष आहे. ‘मतिमंद’ या शब्दाने मूल कायमचे एका खोलीत बंद होते, आणि ‘गतिमंद’ हा त्यावर काढलेला सौम्य पर्यायही व्यवहारात तसाच वापरला जातो. ‘उशीर’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण उशीर भरून निघतो किंवा निघत नाही, आणि कोणते होणार हे पाहण्यासाठीच तर काम सुरू करायचे असते. जिल्हा रुग्णालयात जाणे म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र काढणे, असा समज झाल्याने अनेक कुटुंबे पायरी चढत नाहीत. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि प्रमाणपत्राचे लाभ आहेतच, पण दोन वर्षांच्या मुलाची तपासणी आणि प्रमाणपत्र यांचा काहीएक संबंध नाही, हे त्या खिडकीवरच ठळक लिहिले पाहिजे. शहरांत याच्या उलट टोकाचा बाजारही उभा राहत आहे, जिथे सव्वा वर्षाच्या मुलाच्या आईला घाबरवून सहा महिन्यांच्या थेरपीचे पैसे आगाऊ घेतले जातात; तारखेचा रकाना त्या बाजारालाही आवर घालेल, कारण ‘अजून तीन महिने निर्धास्त राहा’ असेही त्यात लिहिता येते.

हे सगळे सुरू करायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा परिषदेचे महिला व बालकल्याण आणि आरोग्य हे दोन विभाग एका परिपत्रकावर सह्या करू शकतात. बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या, मासिक बैठकीत पर्यवेक्षिका आज पहिला प्रश्न विचारतात तो ‘सॅम किती, मॅम किती’, म्हणजे तीव्र कुपोषित किती आणि मध्यम कुपोषित किती, असा असतो. त्याच्या खालोखाल ‘थांबा म्हटलेल्यांपैकी किती मुलांची तारीख या महिन्यात उलटली, आणि त्यांच्या घरी कोण गेले’ हा प्रश्न विचारला जावा, आणि उत्तरात मुलांची नावे यावीत.